चेहरा आणि अक्षर: पहिली ते पाचवीच्या मुलांना व्यक्तिचित्र व अक्षरांकन शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणाऱ्यांत कलाशिक्षक असतात, कलेचं प्रशिक्षण नसतानाही चित्रकलेचा तास गळ्यात पडलेले वर्गशिक्षक असतात आणि सुट्टीत मुलांना घेऊन बसणारे पालकही असतात. उत्तरं देताना डोळ्यांसमोर नेहमीचा वर्ग ठेवला आहे: चाळीसएक मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका आणि साहित्यासाठी जेमतेम पैसे.

चेहरा आणि अक्षर हे दोन वेगळे विषय आहेत. एकत्र कशाला शिकवायचे?

दोन्हीकडे मुलांची अडचण एकच असते. गोष्ट इतकी ओळखीची असते की ती कुणी बघतच नाही. चेहरा काढ म्हटलं की मूल गोल काढतं, त्यात दोन टिंबं आणि एक हसरी रेघ. समोरच्या मित्राकडे मान वर करून पाहिलेलंही नसतं. ‘क’ त्याने हजारदा गिरवलेला असतो, पण उभ्या दंडाच्या डावीकडची गाठ किती उंचीवर सुरू होते आणि उजवीकडचा आकडा तिच्यापेक्षा मोठा की लहान, हे विचारलं तर गप्प.

मापं, अंतरं आणि मधल्या रिकाम्या जागा बघायला शिकणं हे दोन्ही पाठांचं खरं काम आहे. दोन डोळ्यांमधलं अंतर नीट पाहिलेल्या मुलाला ‘रमा’मधल्या ‘र’ आणि ‘मा’ यांच्यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. व्यवहारातला फायदाही आहे. ‘मला चित्र येत नाही’ म्हणून हात बांधून बसणारी मुलं स्वतःचं नाव रंगवायला मात्र चटकन पुढे येतात. त्यांना नावाकडून चेहऱ्याकडे नेता येतं.

प्रसिद्ध चित्रकाराचं चित्र समोर ठेवलं की मुलं नुसती नक्कल करतात. मग ‘प्रेरणा’ कशाला म्हणायचं?

चित्रकाराचं चित्र घेऊ नका, त्याने घेतलेला एक निर्णय घ्या. अमेदेओ मोदिल्यानी (१८८४–१९२०) या इटालियन चित्रकाराने माणसांच्या माना लांब केल्या, चेहरे लंबगोल केले, डोळे बदामासारखे काढून पुष्कळदा आत बुबुळच ठेवलं नाही. यातला एकच निर्णय फळ्यावर लिहा: ‘मान दुप्पट लांब’. आता प्रत्येकाने शेजारच्या मित्राचं चित्र त्या नियमाने काढायचं. वर्गात चाळीस वेगवेगळी चित्रं होतात आणि एकही मोदिल्यानीची नक्कल नसते. उलट ‘मोदिल्यानीसारखं चित्र काढा’ म्हटलंत तर टोपी घातलेली एकच फ्रेंच बाई चाळीस वेळा मिळते.

मूळ चित्र दाखवा, त्यावर पाच मिनिटं बोला आणि काम सुरू होताना ते झाकून ठेवा. या झाकण्याला शिक्षक बिचकतात, पण खरा फरक त्यानेच पडतो.

कोणत्या इयत्तेला कोणता चित्रकार घ्यावा?

काटेकोर वेळापत्रक करू नका, पण साधारण असा क्रम जमतो.

पहिली-दुसरीला ज्युझेप्पे आर्चिंबोल्दो. सोळाव्या शतकातल्या या इटालियन चित्रकाराने सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं व्यक्तिचित्र चक्क फळं, भाज्या आणि फुलं रचून केलं. चेहऱ्याचं मोजमाप या वयात शिकवायचं नसतं, पण ‘नाकाच्या जागी काय शोभेल?’ हा प्रश्न मुलांना वेड लावतो. जुन्या मासिकांतली, भाजीच्या जाहिरातींतली चित्रं कापून चिकटवा. भेंडीचं नाक, वांग्याचा गाल, मक्याच्या दाण्यांचे दात. शेवग्याच्या शेंगेच्या भुवयाही होतात. याच वयाला पॉल क्ले या चित्रकाराचं ‘सेनेसियो’ (१९२२) हे चित्र चालतं. वर्तुळाचं डोकं, आत चौकोन-त्रिकोणांचे रंगीत तुकडे. घोटीव कागद आणि डिंक असला की झालं.

तिसरी-चौथीला मोदिल्यानी आणि जामिनी रॉय (१८८७–१९७२). रॉय यांनी युरोपीय पद्धतीची व्यक्तिचित्रं सोडून बंगालच्या पटचित्रांकडे, म्हणजे तिथल्या लोकचित्रांकडे, मोर्चा वळवला. जाड, न तुटणारी बाह्यरेषा, लांब पसरलेले डोळे आणि मोजके सपाट रंग. स्केचपेनने भीतभीत खरडणाऱ्या मुलांना ‘एका दमात एक रेघ’ शिकवायला याहून चांगला गुरू नाही.

पाचवीला डच चित्रकार व्हॅन गॉग, आपली अमृता शेरगिल आणि मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो. या वयात मुलांना स्वतःच्या दिसण्याची जाणीव होऊ लागलेली असते, त्यामुळे आत्मचित्र हा विषय खरा वाटतो.

चेहऱ्यांतला विनोद दाखवायचा असेल तर मारिओ मिरांडा कोणत्याही इयत्तेला घ्या. गोव्याच्या या व्यंगचित्रकाराची टपोऱ्या डोळ्यांची, गर्दीतही वेगवेगळी ओळखू येणारी माणसं बघून मुलं हसतात आणि हसता हसता नाकांचे प्रकार मोजायला लागतात.

मुलं डोळे पार कपाळावर काढतात. हे कसं सुधारायचं?

पहिली-दुसरीत सुधारू नका. तिसरीनंतर हा खेळ घ्या.

प्रत्येकाने एक हात डोक्याच्या माथ्यावर आडवा ठेवायचा, दुसरा हनुवटीखाली. ‘डोळे या दोन हातांच्या मध्ये नेमके कुठे?’ बहुतेक मुलं सांगतात, ‘वर’. मग सुतळीच्या तुकड्याने शेजाऱ्याची माथ्यापासून हनुवटीपर्यंतची उंची मोजायची, सुतळी दुमडायची आणि पुन्हा लावून बघायची. दुमड डोळ्यांपाशी येते. वर्गात एकच गलका होतो, कारण कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. केसांखालची कवटी आपण हिशेबात धरत नाही, म्हणून डोळे वर सरकतात.

त्याच सुतळीने पुढचं मोजता येतं. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर नाकाचं टोक येतं. दोन डोळ्यांच्या मधे आणखी एक डोळा मावेल इतकी जागा असते. समोरून पाहिलं तर कान भुवईच्या पातळीपासून नाकाच्या टोकापर्यंत असतात. ही मापं ढोबळ आहेत हे सांगा आणि मग लगेच विचारा, ‘तुझ्या मित्राचं यापेक्षा वेगळं काय आहे?’ व्यक्तिचित्र त्या वेगळेपणातच असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. मुलं पांढऱ्या डोळ्याच्या बरोबर मधोमध काळं बुबुळ तरंगत ठेवतात, त्यामुळे चित्रातली सगळी माणसं भूत बघितल्यासारखी दिसतात. आरशात नीट बघायला सांगा. वरच्या पापणीखाली बुबुळाचा थोडा भाग झाकलेला असतो. तेवढं एक केलं की चेहरा शांत होतो.

आरसा वापरावा की फोटो?

आरसा. फोटोत मूल आधीच सपाट झालेलं असतं. शिवाय फोटो आला की ट्रेसिंग आलं. छोटे आरसे कटलरीच्या दुकानात स्वस्त मिळतात. दोघांत एक पुरतो. काचेची भीती वाटत असेल तर आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावा.

व्हॅन गॉगच्या कानाची गोष्ट लहान मुलांना सांगावी का?

मुलं विचारणारच, आणि एखाद्याने ती आधीच ऐकलेली असते. टाळलंत तर मधल्या सुट्टीत तिखटमीठ लावून सांगितली जाते. त्यापेक्षा दोन वाक्यांत सरळ सांगा: तो मनाने फार आजारी होता, त्या आजारपणात डिसेंबर १८८८ मध्ये त्याने स्वतःच्या कानाला इजा केली, मग दवाखान्यात उपचार घेतले आणि परत येऊन पुन्हा चित्रं काढू लागला. मनाचाही आजार असतो आणि त्यालाही डॉक्टर लागतो, एवढं मुलांना पुरतं.

यानंतरची गोष्ट चित्रकलेच्या तासासाठी जास्त मोलाची आहे. १८८९ सालचं पट्टी बांधलेलं त्याचं आत्मचित्र लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, जखम मात्र डाव्या कानाला होती. ‘चित्रकार चुकला का?’ असं विचारून वर्गाला थोडा वेळ भांडू द्या. कुणीतरी ‘आरसा!’ म्हणून ओरडतंच. मग मुलांना गणवेशावरचा शाळेचा बिल्ला आरशात बघायला सांगा. चेहरा उलटा झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, पण अक्षरं उलटी झालेली लगेच दिसतात. चेहरा आणि अक्षर एका तासात बांधायला याहून सोपी गाठ नाही.

व्हॅन गॉगने पस्तीसेक आत्मचित्रं काढली, त्यातली बहुतेक पॅरिसमध्ये. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःलाच समोर बसवलं. ही माहिती मुलांना फार आवडते.

मुलं ‘स्किन कलर’ मागतात. काय द्यायचं?

काहीच देऊ नका. क्रेयॉनच्या डबीत ज्याला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात ती फिकट गुलाबी-पिवळसर कांडी वर्गातल्या जवळजवळ कुणाच्याच हाताशी जुळत नाही. तरी सगळी मुलं तीच फासतात. का, तर त्यांना तसं दिसायचं असतं. हा प्रश्न निव्वळ रंगाचा नाही, हे शिक्षकाने ओळखून असावं, पण भाषण ठोकू नये. रंग मिसळायला लावणं पुरेसं आहे.

पोस्टर कलर असतील तर नारिंगी घ्या, त्यात अगदी थेंबभर निळा घाला. तपकिरी होतो. तो उजळ करायला पिवळा किंवा थोडा पांढरा, गडद करायला आणखी निळा. काळा रंग डबीतच राहू द्या, त्याने कातडी मातकट आणि मेल्यासारखी दिसते. प्रत्येकाने आपला रंग मिसळून कागदाच्या तुकड्यावर लावायचा आणि तो तुकडा मनगटाशी धरून बघायचा. जुळेपर्यंत बदलायचा. मग त्या रंगाला नाव द्यायचं. ‘चहा’, ‘गूळ’, ‘भिजलेली माती’, ‘शेंगदाण्याचं साल’ अशी नावं येतात. सगळे तुकडे एका तक्त्यावर लावून वर्गात टांगून ठेवा.

याच तासाला अमृता शेरगिल दाखवायची. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली ही चित्रकार भारतात परतली आणि तिने इथल्या माणसांची सावळी, तांबूस, मातीच्या छटांची कातडी अशी रंगवली की त्या रंगांपुढे डबीतला गुलाबी अगदीच बापुडवाणा वाटतो. १९४१ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लाहोरला तिचं निधन झालं. तिची चित्रं भारत सरकारने राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केलेली आहेत.

ऑइल पेस्टल असतील तर एकावर एक थर देऊन बोटाने घासा. फक्त स्केचपेन असतील तर कातडी रंगवूच नका. जामिनी रॉयसारखी रेषा पुरे.

एखादं मूल स्वतःचा चेहरा काढायला तयारच नसेल तर?

जबरदस्ती करू नका. चेहऱ्यावर पांढरा डाग असेल, भाजल्याची खूण असेल, जाड चष्मा असेल, किंवा रंगावरून घरीदारी चिडवलं जात असेल. कारण तुम्हाला कळेलच असं नाही. अशा मुलाला आजीचा चेहरा काढू द्या किंवा पाठमोरं व्यक्तिचित्र: वेणी, रिबीन, कॉलर, खांद्याचा उतार. पाठीकडूनही माणूस ओळखू येतो, आणि हा प्रकार इतका छान होतो की पुढे बाकीची मुलंही मागतात.

फ्रिडा काहलोची गोष्ट इथे हलकेच सांगता येते. १९२५ साली बसच्या अपघातात ती जबर जखमी झाली. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या पलंगावर वर आरसा लावला गेला आणि ती स्वतःला रंगवू लागली. जुळलेल्या भुवया आणि ओठांवरची लव तिने लपवली नाही. मात्र मुलींच्या केसांत फुलं माळून आणि पेन्सिलीने भुवया जोडून ‘फ्रिडा डे’ करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापासून लांब राहिलेलं बरं. वेशभूषा होते, चित्र राहून जातं.

पिकासोसारखे तुकड्या-तुकड्यांचे चेहरे तर सगळ्यात सोपे. पहिल्यांदा तेच घेऊ का?

सोपे वाटतात, म्हणूनच सगळ्यात जास्त फसतात. ‘डोळा इकडे, नाक तिकडे, काहीही चालतं’ असा संदेश जातो. ‘काहीही’ म्हटलं की मुलं बघणं सोडून देतात. पिकासोने बाजूने दिसणारा आणि समोरून दिसणारा चेहरा एकत्र आणला. म्हणजे आधी दोन्ही बाजू पाहायला हव्यात. मित्राचा चेहरा एकदा समोरून काढा, एकदा बाजूने, मग दोन्ही कागद कापून एकत्र चिकटवा. चौथी-पाचवीला हे झकास जमतं. त्याआधी नको.

अक्षरांकन म्हणजे सुंदर हस्ताक्षर का?

नव्हे. हस्ताक्षरात वेग आणि वाचनीयता लागते, त्यासाठी दुरेघी वह्या आहेतच. अक्षरांकनात अक्षर हे चित्र असतं. ते सावकाश काढायचं, त्याचा आकार, जाडी आणि मधली जागा ठरवायची. गिचमिड अक्षर असलेली कितीतरी मुलं उत्तम अक्षरांकन करतात, आणि मोत्यासारखं अक्षर असलेल्यांना एकच वळण मोडवत नाही म्हणून त्रास होतो. पालकांना हे सुरुवातीलाच सांगून टाका, म्हणजे ‘तासाला जाऊनही अक्षर सुधारलं नाही’ ही तक्रार येणार नाही.

देवनागरी अक्षरांची सुरुवात कुठून करायची?

शिरोरेषेपासून. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात, आपली वरच्या रेघेला लोंबतात. कागदावर आधी शिरोरेषा आखा, मग चार समान पट्ट्या पाडा: एक शिरोरेषेच्या वर, वेलांटी आणि मात्रांसाठी, दोन खाली, अक्षराच्या अंगासाठी, आणि सगळ्यात खालची एक उकारांसाठी. ‘कुणाल’, ‘मैथिली’, ‘हृषीकेश’ ही नावं या पट्ट्यांत बसवून बघा. ज्यांच्या नावात वेलांटी किंवा उकार नाही ती मुलं हिरमुसतात. त्यांना आडनाव घेऊ द्या.

मग अक्षरांची कुटुंबं लावायची. उजवीकडे दंड असलेली (ग, त, न, प, म, व, स), मधोमध दंड असलेली (क, फ) आणि पूर्ण दंड नसलेली (ट, ठ, ड, ढ, द, र, ह). मुलांनी वर्गातली सगळी नावं या खणांत वाटायची. या वाटपात ‘व’ला पोटात रेघ दिली की ‘ब’ होतो, ‘प’चा ‘ष’ होतो हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

अंतर मोजपट्टीने ठेवू नका. दोन दंड शेजारी आले की जागा जास्त लागते, ‘र’ किंवा ‘ट’सारखं पोकळ अक्षर आलं की कमी. दोन अक्षरांमधल्या जागेत वाळू ओतली तर प्रत्येक फटीत सारखीच मावली पाहिजे, असं सांगितलं की तिसरीच्या मुलांनाही कळतं.

बोरू (वेताची लेखणी) कुठे मिळणार? कॅलिग्राफी पेन घेऊ का?

लगेच खर्चात पडू नका. दोन पेन्सिली रबर बँडने शेजारी-शेजारी बांधा. दोन्ही टोकं कागदाला टेकली पाहिजेत. ही जोडपेन्सिल चालवली की जाड-बारीक रेघेचा सांगाडाच दिसतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट, जी बाजारातल्या पेनांच्या पाकिटावर लिहिलेली नसते. देवनागरीचा ताण, म्हणजे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होते ते, रोमनच्या उलट असतो. जोडपेन्सिलीची दोन टोकं अशी ठेवा की डावं टोक वर आणि उजवं टोक खाली येईल. आता खालून डावीकडून वर उजवीकडे ओढलं की दोन रेघांत सगळ्यात जास्त अंतर पडतं. वरून डावीकडून खाली उजवीकडे ओढलं की दोन्ही रेघा एकावर एक येतात. हाच नागरीचा जाड-बारीकपणा. म्हणूनच बोरूचं टोक तिरकं छाटतात आणि म्हणूनच इंग्रजीसाठी बनवलेलं सरळ टोकाचं पेन मराठीला वापरताना मनगट वाकडं करावं लागतं. डावखुऱ्या मुलांचा हात मुळातच या कोनात येतो. एरवी प्रत्येक साधनाशी झगडणाऱ्या त्या मुलांना इथे पुढे बसवा.

जोडपेन्सिल जमली की आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापून शाईत बुडवा. चपटा ब्रश किंवा पुठ्ठ्याची पट्टीही चालते.

संगणकावर ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिसतात. मुलांना कोणते शिकवू?

मराठीचे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपं प्रमाण मानली आहेत. संगणकावरचे अनेक फॉन्ट हिंदीला धरून दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ दाखवतात; काहींत भाषा मराठी निवडली की मराठी रूपं येतात. मुलांनी छापील नमुना उतरवण्याआधी एवढं तपासून घ्या. मात्र रस्त्यावरच्या पाटीवर दोन्ही प्रकारचे ‘ल’ शोधून आणायचा गृहपाठ जरूर द्या, मुलं त्यात रंगतात.

अक्षरांसाठी कोणते कलाकार दाखवावेत?

पहिलं नाव कमल शेडगे (१९३५–२०२०). मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत आणि पोस्टरवर त्यांनी शीर्षकं अशी काढली की शब्द वाचायच्या आधीच नाटक विनोदी, ऐतिहासिक की गूढ हे कळावं. त्यांच्याकडून घ्यायचा निर्णय: ‘अक्षराने अर्थ दाखवायचा’. मुलांना ‘पाऊस’, ‘जड’, ‘थंडी’, ‘गर्दी’, ‘आळस’ असे शब्द द्या. एक अट घाला: शेजारी चित्र काढायचं नाही, जे करायचं ते अक्षरातच. ‘भीती’ हा शब्द टाळा. ठिबकणारं रक्त आणि थरथरत्या रेघांपलीकडे कुणी जात नाही. ‘आळस’मध्ये मात्र शिरोरेषाच आडवी पडते, ‘गर्दी’त अक्षरं एकमेकांना कोपरं मारतात.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे गुरू. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. शाळेच्या संगणकावर रोज दिसणारी अक्षरं एका माणसाने आखली आहेत, हे ऐकून मुलं थक्क होतात. अच्युत पालव यांची मोकळ्या फटकाऱ्यांची सुलेखनं मैदानावर खडूने किंवा पाण्यात बुडवलेल्या झाडूने करून बघण्यासारखी आहेत.

बाहेरचे दोन, दोघेही अमेरिकन चित्रकार. जॅस्पर जॉन्सने १९६०-६१ च्या सुमारास शून्य ते नऊ हे आकडे एकावर एक चढवून चित्रं केली. आपले ०, १, २, ३ असे एकावर एक काढा आणि मधले तुकडे रंगवा. ‘५’ आणि ‘६’ एकमेकांत कसे हरवतात ते बघा. रॉबर्ट इंडियानाचं ‘लव्ह’ दुसरं: दोनाखाली दोन अक्षरं आणि त्यातला तिरका ‘ओ’. मराठीत चार अक्षरांचा शब्द घ्या, ‘पावसाळा’. वर ‘पाव’, खाली ‘साळा’. आता कोणतं अक्षर तिरकं करणार आणि त्याच्या शिरोरेषेचं काय होणार? हा पेच खास आपला आहे, इंडियानाला तो पडला नव्हता.

चेहरा आणि नाव एकाच कागदावर कसं आणायचं?

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे चित्र पूर्ण करून उरलेल्या कोपऱ्यात नाव कोंबणं. आधी जागा वाटा. कागदाला चार घड्या घालून नाव कोणत्या पट्टीत आणि डोकं कोणत्या पट्टीत हे चित्र सुरू होण्यापूर्वी ठरवायचं. चित्रकार दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दाखवा: चेहरा कुठे झुकतो, शीर्षक कुठे बसतं, दोघं एकमेकांना जागा कशी देतात. मुलांनी स्वतःवर एका अंकाचं मुखपृष्ठ करायचं आणि शीर्षक म्हणून आपलं नाव.

केसांच्या जागी अक्षरं हा प्रकारही रंगतो. कुरळे केस ‘छ’ आणि ‘ळ’ने होतात, सरळ केस दंडांनी. नावातून गणपती काढणारे कलाकार मुलांनी जत्रेत पाहिलेले असतात, त्यामुळे कल्पना पटकन पोचते. मात्र गणपतीचं तयार वळण घेऊ देऊ नका. मित्राचा चेहराच हवा.

साम्य आलं नाही तर गुण कसे द्यायचे?

साम्याला गुण ठेवूच नका. तीन गोष्टी बघा: ठरवलेला निर्णय पाळला का, समोर बघून काढल्याची एखादी तरी खूण आहे का (तीळ, पडलेला दात, निसटलेलं बटण), आणि अक्षरांमधली जागा विचार करून सोडली आहे का. तेवढीच नोंद करा.

मूल अडलं की शिक्षकाने चित्रात हात घालावा का?

‘बाई, नाक बिघडलं, काढून द्या ना’ हे रोजचं आहे. दुसऱ्या कागदावर काढून दाखवा, मुलाच्या कागदावर नाही. स्पर्धेसाठी चित्रं ‘सुधारून’ पाठवण्याची सवय तर सोडूनच द्या. परीक्षकांना मोठ्यांची रेषा दुरून ओळखू येते.

याचा पुढे एलिमेंटरी परीक्षेला उपयोग होतो का?

थोडा. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, भूमितीबरोबर अक्षरलेखनाचा भाग असतो. पट्ट्या आखून, अंतर सांभाळून अक्षरं काढायची सवय तिथे कामी येते. पण प्राथमिकच्या मुलांना आतापासून त्या साच्यात घालू नका.

मूळ चित्रं मुलांना कुठे दाखवता येतील?

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच. साताऱ्याकडच्यांनी औंधचं श्री भवानी संग्रहालय चुकवू नये. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही. सहल शक्य नसेल तर गावातला पाट्या रंगवणारा पेंटर वर्गात बोलवा. खडूने शिरोरेषा मारून हातानेच अक्षरं तोलणारा माणूस मुलांनी जवळून बघितला पाहिजे, आणि फ्लेक्समुळे असे लोक कमी होत चालले आहेत.

प्रसिद्ध चित्रं वर्गात वापरली, प्रदर्शनात लावली, तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला भारतीय कायद्यात सूट आहे, त्यामुळे वर्गात काळजी नाही. मुलांच्या चित्रांचं कॅलेंडर छापून विकायचं असेल तर मात्र बघावं लागतं. आपल्याकडे कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्मा (१९०६), व्हॅन गॉग (१८९०), मोदिल्यानी (१९२०), क्ले (१९४०), शेरगिल (१९४१) आणि फ्रिडा (१९५४) यांची ती मुदत उलटून गेली आहे. जामिनी रॉय १९७२ मध्ये आणि पिकासो १९७३ मध्ये गेले, त्यांची अजून संपलेली नाही. मुलाने एक निर्णय घेऊन मित्राचाच चेहरा काढला असेल तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. आणि हो, त्या चित्राचा हक्क मुलाचा असतो. छापण्याआधी त्याला आणि त्याच्या पालकांना विचारा आणि चित्राखाली त्याचं नाव त्यानेच काढलेल्या अक्षरांत छापा.